चार घरचे, एक पाहुणा

कमलताई पांढरीपांडे पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांची दाढ सुजली होती आणि लक्ष माझ्या चिमट्याकडे होतं. दाढ दुखणारी माणसं एक तर केविलवाण्या नजरेनं माझ्याकडे बघतात, नाही तर डोळे गच्च मिटून घेतात. या बाई ट्रेमधल्या हत्यारांची पाहणी करत होत्या. तोंडात कापूस, एक गाल फुगलेला, आणि तशा अवस्थेत बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हा वाकड्या टोकाचा कुठे मिळतो?"

मी म्हटलं, "आधी दाढ बघू या का?"

"दाढ कुठे पळून चालली? चिमट्याचं सांगा. टोकाला खाचा आहेत की गुळगुळीत? खाचा असल्या तर छर्र्याला ओरखडा पडतो."

सदाशिव पेठेत इतकी वर्षं दवाखाना चालवल्यावर पेशंटच्या कुठल्याच बोलण्याचं मला नवल वाटत नाही. इथला पेशंट खुर्चीत बसण्याआधी तुमची पदवी वाचतो, हात बघतो आणि "आमच्या वेळचे डॉक्टर" या विषयावर दोन वाक्यं ऐकवतो. पण छर्रे? मी विचारायचा अवकाश, त्यांनी तोंडातला कापूस काढून हातरुमालात गुंडाळला आणि मला सगळं समजावून सांगितलं. एअर रायफलमधून जे शिशाचे बारके छर्रे मारतात, ते त्या घरी एकेक करून निवडतात. डब्यात सगळे सारखे दिसतात, पण सारखे नसतात. कुणाची कडा दबलेली, कुणाचं वजन केसभर जास्त. नेमबाज मुलं त्यांच्याकडून निवडलेले छर्रे घेऊन जातात. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी स्वतःच कापूस परत तोंडात ठेवला आणि आ वासला. मी दाढ काढली. जाताना माझा वाकडा चिमटा त्यांच्या पिशवीत होता.

अंगानं काडीसारख्या, सुती साडी, केस मागे घट्ट बांधलेले. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं घड्याळजीचं भिंग असायचं. लांबून बघणाऱ्याला ते मंगळसूत्र वाटे. ताई अविवाहित होत्या आणि हा गैरसमज त्यांनी कधी दूर केला नाही. "चौकशा वाचतात," म्हणायच्या. मूळच्या यवतमाळकडच्या. पिंपरीच्या एका औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. सुटणाऱ्या मालातून मूठभर गोळ्या उचलायच्या आणि वजनं बघायची, हे काम. निवृत्तीनंतर पेरूगेटाजवळच्या दोन खोल्यांत राहत होत्या. पुण्यात चाळीसेक वर्षं काढूनही बोलणं वऱ्हाडातच राहिलं होतं. पुण्याकडून त्यांनी एकच गोष्ट घेतली, ती दारावरची पाटी: "छर्रे तोलताना पंखा बंद असतो. ज्यांना उकडते त्यांनी संध्याकाळी यावे."

मी एकदा संध्याकाळी गेले. चिमट्याची चौकशी करायला गेले असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं तर कुतूहल शमत नव्हतं. एकटी राहणारी, अंड्यालासुद्धा हात न लावणारी बाई बंदुकीत घालायच्या वस्तूंवर आयुष्य का घालवते, हे मला कळत नव्हतं.

खिडकीपाशी टेबल, टेबलावर काच. ताईंनी एक छर्रा काचेवर ठेवून हलकेच बोटानं ढकलला. तो अर्धगोल वळण घेत घरंगळला.

"पाहा, कसा वळला. आता हा." दुसरा ढकलला. तो थोडा आधीच वळला. "याची कड मोठी. हा रुसलेला."

"रुसलेला?"

"बाकीच्यांसोबत जायला तयार नाही तो रुसलेला. त्याला काहून जबरदस्ती करायची? बाजूला ठेवायचा."

मग वजन. त्यासाठी विजेवरचा काटा होताच, पण प्रत्येक नव्या डब्यातले पहिले काही छर्रे त्या एका जुन्या तागडीत घालून बघत. सोनाराकडे असते तशी छोटी पितळी तागडी, दांडीला रेशमी दोरे. ती त्यांच्या वडिलांची होती.

वडील वकील होते आणि शिकारी होते. त्या काळी परवाना काढून शिकार करता येत असे. दुकानातल्या तयार काडतुसांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. रिकाम्या पितळी पुंगळ्या चिंचेच्या पाण्यात उकळून, धुऊन, व्हरांड्यात सुपात वाळवायच्या. मग जेवणाच्या टेबलावर मेणकापड घालून बसायचं. बंदुकीची दारू तागडीत तोलायची, एका पारड्यात गुंजा, दुसऱ्यात दारू. गुंजा निवडायचं काम लहानग्या कमलचं. सगळ्या गुंजाही सारख्या नसतात, हे तिला शाळेत पाढे यायच्या आधी कळलं होतं. दारू भरली की शिशाची गोळी, तीही तोललेली. त्या दिवशी स्वयंपाकघरात चूल पेटत नसे. घरातल्या सगळ्यांना आदल्या दिवशीच्या दशम्या.

"एवढं कशासाठी?" मी विचारलं होतं.

"बाबा लांबून मारायचे. या टेकडीवरून त्या टेकडीवरचं सांबर. एवढ्या अंतरावर दारूत दोन दाणे कमीजास्त झाले, की गोळी कुठल्या कुठे. जनावर मरत नाही, फक्त जखमी होतं, अन् रानात जाऊन तडफडते. बाबांना ते चालायचं नाही. आधी कागदावर मारून पाहायचे. सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत आल्या तरच शिकारीला जायचं. नाही आल्या तर वर्षभर घरी. दोन वर्षं तर गेलेच नाहीत. आई म्हणायची, सांबरांनी बाबांना हार घालायला पाहिजे."

वडिलांचा एक नियम ताईंनी आयुष्यभर पाळला: खात्री नाही ते काडतूस खिशात ठेवायचं नाही. पुढे शिकारीवर बंदी आली. वडिलांनी मुकाट्यानं बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन दिली. तागडी राहिली, आणि तागडीबरोबर एक प्रश्न राहिला. वडील गोळ्या मारून झाल्या की कागद कमलच्या हातात देत. ती तो उजेडासमोर धरून बघे. चार भोकं जवळजवळ, आणि एक कुठे तरी लांब. एवढं तोलून मापून भरल्यावर ते पाचवं लांब का जातं? बापलेकीनं त्याला नाव दिलं होतं. चार घरचे, एक पाहुणा.

"तो पाहुणा कुठून येतो, एवढंच मला पाहायचं आहे," ताई म्हणाल्या. "दुसरं काही नाही."

बंदूक मात्र त्यांनी कधी हातात धरली नव्हती. वडील म्हणत, भरायचं तू, मारायचं मी. पुढे कुणी अडवलं नाही, पण त्यांच्याही मनात आलं नाही. स्वयंपाक करणारानं आधी जेवायचं नाही, तसं काहीसं असावं.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा आठवीत होती. पोहणं, कथक आणि गिटार या तिन्ही गोष्टी पूर्ण फी भरून झाल्यावर तिनं सोडल्या होत्या. ताईंनी तिला एकदा दवाखान्यात पाहिलं. ती कोपऱ्यात बसून मोबाईलवरचा खेळ खेळत होती. ताईंनी तिच्या बोटांकडे बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाल्या, "या पोरीला हलता येतं की नाही, ठाऊक नाही. पण न हलता येतं. ते जास्त कठीण आहे." दुसऱ्या आठवड्यात त्या तिला एका शाळेच्या तळघरातल्या नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेल्या. चौथ्या गोष्टीचीही फी वाया जाणार म्हणून मी तयारीत होते. पण मुक्ता रमली.

त्या तळघरात ताईंचा दबदबा होता. कुणी "आजी" म्हटलं की त्या ऐकूच येत नाही असं दाखवत. सगळ्यांच्या त्या ताई. निवडलेले छर्रे होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत भरून, बाटलीवर मुलाचं नाव चिकटवून आणत. पैसे घेत नसत. त्यांची फी वेगळी होती. छर्रे मारून झाले की भोकं पडलेलं कार्ड ताईंना द्यायचं. मुलं रांगेत उभी राहून फी भरायची, आणि ताई एकेक कार्ड ट्यूबलाइटसमोर धरून, एक डोळा मिटून बघायच्या. "पाहुणा आला बाप्पा," एवढं म्हणाल्या की त्या मुलाचा चेहरा उतरे. घरी त्यांच्या पलंगाखाली असल्या कार्डांच्या दोन ट्रंका होत्या. कामवाली बाई त्यांना 'भोकांच्या पेट्या' म्हणायची.

मुलांचा त्या बाटल्यांवर इतका विश्वास, की परीक्षेला जाताना दही-साखर हवी तसं स्पर्धेला जाताना ताईंचे छर्रे हवेत. मुक्ता तर त्या बाबतीत हटूनच बसायची. बाटली घरी विसरली म्हणून एकदा मला दवाखाना बंद करून स्कूटरवर ती पोचवायला लावली. मी दातांच्या डॉक्टरांना शोभेल असं बरंच काही बोलले, पण बाटली पोचवली.

मुक्ता अकरावीत गेली आणि राज्याच्या संघासाठी निवड चाचणी जाहीर झाली. घरात दुसरा विषय नव्हता. त्या दिवसांत एकदा ती रेंजवरून धावतच दवाखान्यात आली. ताई तिथेच होत्या, कवळीचं माप द्यायला आलेल्या.

"ताई, फी!" तिनं कार्ड पुढे केलं.

ताईंनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. पाच छर्रे, आणि भोक एकच. कडा जरा फाटलेली, बस. पाहुणा नावाला नाही. असं कार्ड मुक्तानं आजवर दिलं नव्हतं. ताईंचा चेहरा असा काही फुलला, की मला वाटलं या आता माझ्या पोरीला कडेवर घेतात की काय. मग त्यांनी बाटली मागितली. तळाशी तीन-चार छर्रे उरले होते. सवयीनं त्यांनी एक तळहातावर घेतला आणि भिंग डोळ्याला लावलं.

मग दुसरा घेतला, मग तिसरा.

"या बाटलीच्या गळ्याला काळा दोरा होता, तो कुठे गेला?"

"दृष्टीचा ना?" मुक्तानं आनंदानं मनगट पुढे केलं. "हा बघा, हाताला बांधलाय! मला कळलंच होतं, चाचणी जवळ आली म्हणून तुम्ही मुद्दाम बांधला असणार. म्हणून तीच बाटली उचलली मी तुमच्या पिशवीतून."

ताई हसल्या. मुक्ता कोल्ड्रिंक आणायला बाहेर गेली तेव्हा कुठे मला म्हणाल्या, "काळा दोरा मी रुसलेल्यांच्या बाटलीला बांधते, डॉक्टर. नव्या पोरांना शिकायला देते ते. पोरगी आज सगळे रुसलेले मारून आली."

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, योगायोग, एखादा दिवस असा निघतो. मी तसं म्हटलंही. ताईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. कारखान्यात एखादी गोळी वजनात चुकली तर अख्खा माल अडवून ठेवणारी बाई ती. आता अडलेला माल त्यांचाच होता.

आठवडाभर त्यांनी पाटी उलटी करून ठेवली. मग एका सकाळी माझ्या दवाखान्यात येऊन उभ्या राहिल्या. हातात रिकाम्या बाटल्यांची पिशवी. "तुमची मदत पाहिजे. मला फसवायचं आहे."

"कुणाला?"

"मलाच."

त्यांची योजना अशी होती. निवडलेले छर्रे आणि रुसलेले छर्रे त्यांनी मला दोन डब्यांत दिले. मी ते सारख्या बाटल्यांत भरायचे, कुठल्या बाटलीत कोण हे फक्त मला कळेल अशी खूण टोपणाच्या आत करायची. सुट्टीच्या दिवशी रेंजवरचे सर रायफल लोखंडी शिकंज्यात आवळणार. माणसाचा हात नाही, खांदा नाही, श्वास नाही. नुसता चाप ओढायचा. सरांनाही माहीत नसणार ते काय मारताहेत. मग ताई फक्त कार्ड बघून सांगणार, यातली निवडलेल्यांची कुठली आणि रुसलेल्यांची कुठली.

"आणि नाही सांगता आलं तर?" मी विचारलं.

"तर मग मी इतकी वर्षं काय करून राहिले, ते कळेल." आवाज अगदी साधा होता. पण बाटल्यांची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

माझ्या मनाची मला गंमत वाटली. मी कधीच त्या छर्र्यांना मानलं नव्हतं, आणि आता टोपणांत खुणा करताना वाटत होतं, बाईंचं खरं ठरू दे.

रविवारी माझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत कार्डं मांडली. ताई एकेक उचलून खिडकीसमोर धरत होत्या. हे निवडलेल्यांचं. हे रुसलेल्यांचं. हे... थांबा, हे निवडलेल्यांचं. मोठ्या आत्मविश्वासानं त्यांनी दोन गठ्ठे केले. मी टोपणं उघडून एकेक खूण सांगत गेले. पहिलं बरोबर. दुसरं चूक. तिसरं चूक. चौथं बरोबर. शेवटपर्यंत असंच. नाणं उडवून ठरवलं असतं तरी एवढंच जमलं असतं.

रस्त्यावर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती आणि तिला किक मारणं चाललं होतं. आम्ही दोघी ते ऐकत बसलो. मग ताईंनी सगळी कार्डं एकत्र केली आणि परत पहिल्यापासून बघायला लागल्या. मी म्हटलं, "ताई, जाऊ दे आता."

"नाही, नाही. हे पाहा ना." आवाजात भलतंच काही तरी होतं. रडणं नव्हतं ते. "यात पाहुणाच नाही! एकाही कार्डात नाही. निवडलेल्यांत नाही अन् रुसलेल्यांतही नाही. शिकंज्यात धरली तर तो येतच नाही. म्हणजे तो छर्र्यात नव्हता, डॉक्टर. मी इतकी वर्षं त्याला डबीत शोधून राहिले अन् तो खांद्यात बसला होता."

"म्हणजे तुमच्या बाबांचंही..."

"बाबांचं चूक नव्हतं." हे मात्र त्या झटकन म्हणाल्या. "दोन टेकड्यांमधलं अंतर होतं ते. दाण्याची चूक तिथे पोचेपर्यंत हातभर होते. इथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. चुकीला मोठं व्हायला जागाच नाही. मी बाबांची तागडी आणली, पण टेकडी आणायची विसरले." आणि हसल्या. हसताना डोळे पुसले, तेही मी पाहिलं.

चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "मुक्ताला सांगायला पाहिजे."

इथे मात्र माझ्यातली आई जागी झाली. चाचणी दहा दिवसांवर होती. "ताई, हात जोडते, चाचणी होऊ द्या. मग सांगा. तिला त्या बाटलीचा आधार आहे. छर्र्यात काही नसेल, पण तिच्या डोक्यात आहे ना? तेवढ्यानं हात स्थिर राहत असेल तर राहू दे की! आपण पेशंटला सांगतो का, की इंजेक्शन दुखणार आहे?"

"तुम्ही सांगत नाही?"

"नाही सांगत."

"मला माहीत आहे. मला तुम्ही 'मुंगी चावल्यासारखं होईल' म्हणाल्या होत्या. बरी होती तुमची मुंगी." मग गंभीर झाल्या. "बाबांचा नियम तुम्हाला सांगितला आहे मी. खात्री नाही ते काडतूस खिशात ठेवायचं नाही. आता माझी बाटली खात्रीची राहिली नाही. ती पोरीच्या खिशात कशी ठेवू?"

"पण हरली तर?"

"हरली तर मला बोल लावा. मी कुठे पळून चालली?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या आणि मुक्ताला समोर बसवून सगळं सांगितलं. काळा दोरा, रुसलेले छर्रे, शिकंजा, टोपणं. काही गाळलं नाही. मुक्ताचा चेहरा पांढरा पडत गेला.

"मग ताई, मी इतके दिवस काय मारत होते?"

"तूच मारत होतीस. तेच सांगून राहिले."

मुक्ता उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. ताईंनी चपला घातल्या. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायलाही गेले नाही. मला राग आला होता, आणि तो चांगला महिना-दीड महिना टिकला. पुढचे सगळे दिवस पोरगी वाईट मारत होती. जेवत नव्हती, माझ्यावर खेकसत होती. स्वतःच्या समाधानासाठी एका म्हातारीनं माझ्या मुलीच्या हातातली काठी काढून घेतली, असं मला वाटत होतं. तिच्या खरेपणाचं मला काय करायचं होतं?

चाचणीला मुक्तानं दुकानातला डबा फोडून तसाच वापरला. सुरुवात डळमळीत झाली, मग सावरली, शेवटी तर फार छान मारलं. पण संघात नाव आलं नाही. अगदी थोडक्यात राहिलं.

परत येताना ती स्कूटरवर माझ्यामागे बसली होती. लकडी पुलाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागून म्हणाली, "आई, आधी पाहुणा आला ना, की मी म्हणायचे, हा छर्रा ताईंच्या नजरेतून सुटला असेल. आज कुणाला म्हणणार? जे चुकले ते माझं मीच चुकले."

"हं," मी म्हटलं. रडू नको म्हणून सांगायची तयारी करत होते.

"मस्त वाटलं गं," ती म्हणाली. "म्हणजे वाईट वाटतंय. पण जे बरोबर आले तेपण मग माझेच ना?"

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला आणि माझ्या डोळ्यांविषयी काही तरी उद्गार काढले. घरी जायच्या ऐवजी मुक्तानं मला स्कूटर पेरूगेटाकडे वळवायला लावली. मी खालीच थांबले. माझा राग अजून वर जायला तयार नव्हता. अर्ध्या तासानं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दोघींचं हसणं ऐकू आलं, तेव्हा मला फार एकटं वाटलं.

ताईंनी छर्रे निवडणं बंद केलं. मुलांना सांगून टाकलं: डबा फोडा आणि मारा. तुमच्या नळीला कुठला डबा मानवतो तेवढं एकदा मारून पाहा, बाकी सोडा. मुलांनी ते ऐकलं. आयांना मात्र पटेना. एकीनं मला गुपचूप विचारलं, "मग आता चांगले निवडून कोण देतं हो? कसब्यात कुणी आहे म्हणे."

ताईंचा प्रश्न काही सुटला नव्हता. त्याची फक्त जागा बदलली होती. त्या रोज घडीची खुर्ची घेऊन रेंजवर जायला लागल्या. आधी त्या कार्डांकडे तोंड करून बसायच्या, आता मुलांच्या पाठींकडे बघत बसू लागल्या. कुणाचा खांदा चाप ओढायच्या आधी चढतो, कुणाचा श्वास मध्येच अडतो. "हिच्या पाहुण्याची चाहूल मानेत लागते," त्या मला हळूच सांगत. माझा राग तोवर विरला होता. त्या खुर्चीशेजारी उभं राहून पाठी बघायचा नाद मलाही लागला. दवाखान्याच्या खुर्चीतला पेशंट कधी कळवळणार ते मला आता त्याच्या मानेवरून आधी कळतं.

गेल्या वर्षी ताईंचे गुडघे अगदीच कुरकुरायला लागले आणि नागपूरच्या भाचीनं त्यांना कायमचं बोलावून घेतलं. ट्रंका निघाल्या, तागडी कापसात गुंडाळून हातातल्या पिशवीत बसली. निघायच्या आदल्या दिवशी मी मुक्ताला आणायला रेंजवर गेले तर घडीची खुर्ची रिकामी. मला वाटलं, निरोप घेऊन गेल्या असतील.

मग दिसलं. नेमाच्या रेषेवर मुक्ताचं ढगळ जाकीट घालून ताई उभ्या होत्या. साडीवर जाकीट, बाह्या दुमडलेल्या, भिंग मागे पाठीवर टाकलेलं. रायफलचं वजन पेलेना म्हणून नळीखाली स्टँड लावला होता. मुक्ता त्यांच्या खांद्याशी उभी होती.

"ताई, श्वास अर्धा सोडा. आता थांबा. आता हळूच."

"हळूच म्हणजे किती?"

"ताई, बोलायचं नाही!"

पाच छर्रे मारून झाले. दोरीवरून कार्ड सरसरत आलं. ताईंनी ते घाईघाईनं ओढून घेतलं, ट्यूबलाइटसमोर धरलं आणि एक डोळा मिटला. भोकं पाच ठिकाणी पाच. एक तर कार्डाच्या खालच्या कडेला जेमतेम लागलेलं.

"अरे बाप्पा!" ताई ओरडल्या. "पाचही पाहुणे! घरचं कुणीच नाही!"

सगळं तळघर हसायला लागलं. ताई सगळ्यांत मोठ्यानं हसत होत्या. हसता हसता त्यांनी रायफल टेकवलेल्या आपल्या खांद्यावर हात ठेवला आणि तो चाचपून पाहिला, जणू इतकी वर्षं तिथे कोण बसलं होतं ते आता बोटांना लागणार होतं.

मुक्तानं हात पुढे केला. "ताई, फी."

ताईंनी कार्ड छातीशी धरलं.

"थांब गं, देते. आधी हा खालचा कुठून आला, तेवढं पाहू दे," त्या म्हणाल्या, आणि परत उजेडाकडे वळल्या.